तिरंगा मागताना दोन्ही मापं सांगा

ऑगस्ट उजाडला की दुकानात एकच मागणी : ‘एक चार फुटी झेंडा द्या.’ चार फूट लांबी की उंची, असं विचारलं की गिऱ्हाईक गडबडतं. मग हेडसरांना फोन, आणि नेलेला झेंडा दुसऱ्या दिवशी बदलायला परत. ऐन गर्दीत यातच आमचा अर्धा दिवस जातो.

राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची ३:२ प्रमाणातच लागते. शाळा, पंचायतीच्या खांबाला १८००×१२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा बाय चार फूट. गल्लीतल्या मंडळाला साडेचार बाय तीन, घराच्या गच्चीला तीन बाय दोन. ‘पाच बाय तीन’ आम्ही शिवत नाही, कितीही आग्रह केलात तरी. बाहेर कुणी शिवून देतही असेल. तो तिरंगी कपडा झाला, राष्ट्रध्वज नव्हे.

‘चक्र जरा मोठं करा’ हेही नको. साडेचार फुटी ध्वजावर चक्राचा व्यास २८० मिलिमीटर, आरे २४, रंग गडद निळा, आणि चक्र दोन्ही बाजूंना. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आपल्या बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता. पण चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला, तेव्हा नेहरूंनी हीच अडचण सांगितली होती. सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र कुठूनही सारखंच दिसतं. रंगांचा अर्थ मुलं विचारतात, म्हणून राधाकृष्णन यांनी त्याच सभेत सांगितलेला देतो : केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरचा प्रकाश, हिरवा म्हणजे मातीशी नातं.

मंडळांना एक विनंती. तिरंग्याच्या काठीवर दुसरा कुठलाच झेंडा चालत नाही. भगवा आमच्याकडे उत्तम मिळतो, पण त्याला काठी वेगळी घ्या. तिरंग्यावर मंडळाचं नाव छापून मिळणार नाही.

खादी महाग का? हुबळीच्या बेंगेरीत हातसुतावर तयार होते म्हणून. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरही चालतं, तेही ठेवतो. आपल्याकडच्या पावसात रोज फडकवायचा असेल तर पॉलिस्टर लवकर वाळतं. समारंभाला मात्र खादीच न्या, पडतो तो डौल वेगळाच.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शाळांनी जुलैअखेर ऑर्डर दिली तर बरं. मापाची चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या सहीनिशी आणा. दोरी ओवून, केशरी वर आहे ना ते दाखवूनच ध्वज हातात देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.