दासोह

दासोह : शरण (लिंगायत) परंपरेतील लोकहिताची संकल्पना. शब्द ‘दासोऽहम्’, म्हणजे ‘मी दास आहे’, यावरून आला. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी तो ‘कायक’ या शब्दाच्या जोडीने रुजवला. कायक म्हणजे प्रामाणिक कष्टाची कमाई. त्यातले गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाकडे परत करणे हा दासोह. दानात देणारा वर राहतो. इथे देणाऱ्यानेच खाली उतरायचे असते. कमाईची अटही कडक. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या आय्दक्की मारय्यांनी एकदा नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते होते तिथे टाकून यायला लावले, अशी कथा आहे.

सोलापुरात (जुने सोन्नलिगे) ही कल्पना तळ्याच्या रूपाने दिसते. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला. सिद्धेश्वर मंदिर त्याच तलावात आहे. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात बसवेश्वरांच्या काळातले शरण अल्लमप्रभू इथे येतात आणि सिद्धरामांना ‘ओड्ड’, म्हणजे दगडमाती खोदणारा, म्हणून हाक मारतात. खोदकामावरचे लोक चिडून त्यांना दगड मारतात. अल्लमांचा आक्षेप तळ्यावर नव्हता, ‘मी तळे बांधतो’ यातल्या ‘मी’वर होता. आज दासोहाच्या पंगतीपेक्षा देणगीदारांचा फलक मोठा दिसला, की हा जुना वाद आठवावा.

मठांतल्या दासोहाच्या पंगतीत, निदान सणावारी, हुग्गी (गव्हाची खीर) हवीच. गव्हाला पाण्याचा हात लावून, कांडून कोंडा काढतात, रात्रभर भिजवतात आणि मंद जाळावर शिजवतात. दाणा दोन बोटांत सहज फुटला की मगच गूळ घालायचा, साधारण गव्हाइतकाच. शेवटी सुंठ, वेलदोडा, खोबरे. घाईने गूळ आधी पडला तर दाणा चिवट राहतो, मग कितीही जाळ घाला.

तळ्याचे बिघडणे इतक्या लवकर कळत नाही. पूर्वी गावतळ्यांचा गाळ उन्हाळ्यात शेतकरी गाडीने शेतात नेत. खताची सोय होई आणि तळेही खोल राही. ही देवघेव तुटली की गाळ कोणाचाच उरत नाही, त्याला निविदा लागते. त्यात निर्माल्य आणि सांडपाणी मिसळले की शेवाळ माजते. रात्री शेवाळ आणि कुजणारा गाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, म्हणून मासे बहुधा पहाटे मरून वर येतात. तोवर काठावरून तळे भरलेले आणि हिरवेगार दिसत असते, त्यामुळे तक्रारही उशिराच होते.