स्पिरुलिना आणि क्लोरेला : रंग एक, कुळं दोन

पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या या दोन्हींची हिरवी पूड शेजारी शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांना ओळखणं कठीण. पण दोन ग्लास थंड पाणी घ्या, एकेकात चिमूटभर पूड टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ज्या ग्लासातल्या पाण्याला निळसर झाक आली असेल, ती स्पिरुलिना. हा निळा रंग फायकोसायनिन या रंगद्रव्याचा. ते पाण्यात उतरतं. क्लोरेलात ते नसतंच, तिथे सगळा कारभार हरितद्रव्याचा. (पाणी गरम घेऊ नका, उष्णतेने हा निळा टिकत नाही.)

हा फरक नुसत्या रंगाचा नाही. काटेकोर बोलायचं तर स्पिरुलिना शैवालच नव्हे. ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारा, केंद्रक नसलेला जिवाणू. 'निळं-हिरवं शैवाल' हे जुनं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. क्लोरेला मात्र खरंखुरं हरित शैवाल : एकच गोल पेशी, आत केंद्रक आणि हरितलवक, नातं थेट झाडापानांशी. मेक्सिकोतल्या टेक्सकोको सरोवरातली स्पिरुलिना अझ्टेक लोक खात, आणि आफ्रिकेत चाड सरोवराकाठी ती वाळवून 'दिहे' नावाच्या वड्या आजही करतात. क्लोरेलाला असा स्वयंपाकघरातला इतिहास नाही. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बेयरिंक यांनी १८९० मध्ये तिचं वर्णन केलं आणि पुढे ती प्रयोगशाळेत रमली. मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळवून देणारं प्रकाशसंश्लेषणाचं काम बरंचसं तिच्यावरच झालं.

खाणाऱ्याच्या दृष्टीने खरा मुद्दा पेशीच्या भिंतीचा. स्पिरुलिनाची भिंत पातळ, त्यात सेल्युलोज नाही. ती आहे तशी पचते. क्लोरेलाची भिंत चिवट. म्हणून तिच्या डबीवर 'ब्रोकन सेल वॉल' असं लिहिलेलं असतं. ती जाहिरातबाजी वाटते, पण इथे ते शब्द खरोखर कामाचे आहेत. भिंत फोडलेली नसेल तर आतलं बरंचसं न पचताच बाहेर पडतं.

प्रथिनांचा गवगवा दोन्हींचा. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात हे खरंच, पण रोजची मात्रा ३ ग्रॅम धरली तर हाती येतात जेमतेम २ ग्रॅम. मूठभर डाळ त्याहून कितीतरी जास्त देते. बी-१२ साठी स्पिरुलिना घेणाऱ्यांची तर सरळ फसगत होते : तिच्यातलं बहुतांश बी-१२ छद्म असतं, शरीराला ते वापरता येत नाही. क्लोरेलात खरं बी-१२ सापडतं, पण डबीगणिक प्रमाण इतकं बदलतं की तिच्या भरवशावर राहणंही बरं नव्हे.

आता रोगप्रतिकारशक्ती. दोन्ही डब्यांवर दावा एकच, पुरावे मात्र वेगवेगळ्या जातीचे. स्पिरुलिनाचा जरा बरा पुरावा ॲलर्जीच्या सर्दीबाबत आहे. २००५ च्या एका चाचणीत रोज २ ग्रॅम घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तपेशींत ॲलर्जीला खतपाणी घालणारं इंटरल्युकिन-४ हे संदेशवाहक प्रथिन सुमारे ३२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे इथे शक्ती 'वाढली' नाही, उलट भलतीकडे उधळलेली प्रतिक्रिया थोडी आवरली गेली! क्लोरेलाचं उलट : रोज ५ ग्रॅम, ८ आठवडे अशा कोरियातल्या चाचणीत नॅचरल किलर पेशींची (विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) सक्रियता वाढली, जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात लाळेतलं आयजीए हे प्रतिपिंड वाढलं. पण कॅनडात पन्नाशीपुढच्या निरोगी लोकांना फ्लूच्या लसीआधी क्लोरेलाचा अर्क दिला, तेव्हा एकूण गटात प्रतिपिंडं काही जास्त निर्माण झाली नाहीत. रक्तातला आकडा हलणं वेगळं आणि माणूस कमी आजारी पडणं वेगळं. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा भक्कम पुरावा मला दोन्हींकडे दिसत नाही.

प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही सगळ्यांनाच मानवतं असं नाही. ल्युपससारखे स्वप्रतिकार विकार असलेल्यांनी आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी दोन्हींपासून लांब राहावं. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांनी विशेषतः क्लोरेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तिच्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करतं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना स्पिरुलिनातलं फिनाइलॲलनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) चालत नाही.

खराब मालाचे धोकेही निराळे. स्पिरुलिना उघड्या पाण्यातून गोळा केली तर तिच्यासोबत दुसरे विषारी सायनोबॅक्टेरिया येऊ शकतात आणि त्यांचं मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर घाव घालतं. विकत घेताना त्याच्या चाचणीचा अहवाल मागावा. क्लोरेलात हरितद्रव्य विघटित होऊन फिओफोर्बाइड तयार होतं. १९७७ मध्ये जपानात अशाच गोळ्या खाल्लेल्या काहींची त्वचा उन्हात गेल्यावर लाल होऊन सुजली होती.