वॉरंटाची झडती आणि बिनवॉरंट झडती

"वकीलसाहेब, पोलिसाईनं वारंट न दाखवता घर धुंडलं. केस तं उडालीच न मंग?"

तालुक्याच्या कोर्टासमोर चहा घेताना हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. केस उडालेली नसते. विचारणाऱ्यावर मी चिडत नाही. चिडतो ते "वॉरंटाशिवाय पोलीस घरात शिरूच शकत नाहीत" असं गावोगावच्या मोबाईलवर पाठवणाऱ्यांवर. त्या वाक्याच्या भरवशावर माणूस दारात हुज्जत घालत राहतो आणि खरोखर हातात असलेल्या गोष्टी सोडून देतो.

झडतीचं वॉरंट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ते मॅजिस्ट्रेट काढतो. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात त्याचं कलम 96, पूर्वीचं 93. ते दाखवल्यावर दार उघडावं लागतं. पकड वॉरंट वेगळं. ते माणसाला धरायचं असतं. तो घरात आहे असं वाटलं तर पोलीस आत येऊन त्याला शोधू शकतात, पण माणूस शोधायला गोदरेजच्या कपाटातला दागिन्यांचा डबा उघडावा लागत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खरा घोळ पुढं आहे. खेड्यात होणाऱ्या बहुतेक घरझडत्या वॉरंटाच्या नसतातच. त्या कलम 185 च्या असतात, जुन्या सीआरपीसीत 165. ठाणेदार किंवा तपास अधिकारी वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो, आणि ती पूर्ण कायदेशीर असते. पण त्याला आधी केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीत, लिहावं लागतं: ती वस्तू या जागी सापडेल असं कशावरून वाटतं, वस्तू कोणती, आणि वॉरंट आणत बसलो तर ती हातची जाईल असं का वाटतं. म्हणजे वॉरंटात कोर्ट आधी विचार करतं. इथं पोलिसाला स्वतःच विचार करून तो कागदावर मांडावा लागतो, आणि तोही झडतीच्या आधी. तुमचं संरक्षण त्या "आधी"त आहे. झडती झाल्यावर ठाण्यात बसून कारणं लिहिली असतील तर त्या कागदाला फारसा अर्थ राहत नाही.

म्हणून "वॉरंट दाखवा" हा प्रश्नच चुकीचा आहे. जे काढायची गरजच नव्हती ते कोण दाखवणार?

मागच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. वावरातल्या मोटारी आणि केबल चोरीला जाण्याचे गुन्हे दाखल होते. सकाळी सहाला एका घरी जमादार आणि दोन शिपाई आले. घरचा पोरगा शिकलेला. "वारंट आहे काय? नसन तं घरात पाय ठेवू नका," म्हणाला. पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी ते आत गेले, आणि हा रागारागात चावडीवर जाऊन बसला. गोठ्यात कुटाराखालून केबलचे दोन बंडल निघाले. पंचनाम्यावर कुणाच्या सह्या झाल्या हे त्यानं पाहिलं नाही. यादीची प्रत मागितली नाही. घरच्या केबलचं बिल ट्रंकेत होतं, ते कुणाला दाखवलं नाही.

माझ्याकडं तो दोन महिन्यांनी आला. मी एवढंच विचारलं, "ठाणेदार स्वतः आले होते?" नव्हते. अधिकाऱ्यानं शक्यतो स्वतः झडती घ्यावी असं कलम सांगतं. नाहीच जमलं तर त्याचं कारण लिहून हाताखालच्या माणसाला लेखी आदेश द्यायचा, जागा आणि वस्तू लिहून. जमादाराकडं असा आदेश होता का, हे दारात विचारण्यासारखं होतं.

मग मॅजिस्ट्रेटकडं अर्ज केला. ज्या तरतुदीसाठी मी हे सगळं लिहितोय ती हीच. झडतीआधी लिहिलेल्या त्या नोंदींची प्रत पोलिसांनी लगेच, आणि कोणत्याही परिस्थितीत 48 तासांच्या आत, जवळच्या मॅजिस्ट्रेटकडं पाठवायची असते. 48 तासांचा आकडा नव्या कायद्यातच आला, पूर्वी नुसतं "लगेच" होतं. आणि घरमालकानं किंवा घरात राहणाऱ्यानं अर्ज केला की मॅजिस्ट्रेट त्याला ती प्रत फुकट देतो. केस डायरी आरोपीला मागता येत नाही. म्हणजे पोलिसानं काय विचार करून दार उघडलं हे बघायला तुम्हाला ही एकच खिडकी आहे, आणि आमच्याकडं ती कुणी उघडत नाही. वकीलसुद्धा नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आम्हाला मिळालेल्या पानावर "गोपनीय बातमीदाराकडून मिळालेल्या खात्रीलायक माहितीवरून" एवढंच होतं. केबलचं नाव नाही. जमादाराला दिलेला आदेशही नाही. उलटतपासणीत त्या पानावर उत्तर द्यावं लागलं.

आता दारात काय करायचं. घरात थांबायचं. झडतीच्या वेळी हजर राहू देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. व्हिडिओ सुरू आहे का विचारायचं. नव्या संहितेत घरझडतीचं चित्रीकरण करावंच लागतं, मोबाईलवर चालतं. पंच त्याच वस्तीतले, कुणाच्या ताटाखालचे नसलेले, किमान दोन हवेत. बाहेरचे तेव्हाच, जेव्हा गावातलं कुणी मिळत नाही किंवा तयार होत नाही. इथं मला गावकऱ्यांना हात जोडून सांगायचंय: शेजाऱ्याच्या घरी पंच व्हायला पुढं या. "कोर्टाच्या चकरा कोन मारन" म्हणून तुम्ही मागं सरता आणि पोलीस तालुक्याहून ओळखीचा पंच आणतात. पंचाला खास समन्स आल्याशिवाय कोर्टात जावं लागत नाही. उलट लेखी बोलावूनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तोच गुन्हा ठरतो. शेवटी जप्तीच्या यादीवर वस्तू कुठं सापडली ते वाचायचं आणि प्रत घ्यायची.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. सूर्यास्तानंतर पोलिसांनी यायचं नाही, हा नियम लोक सगळीकडं लावतात. तो बाईच्या अटकेचा आहे, आणि वेगळ्या रूपात गांजाच्या कायद्यातल्या झडतीचा. मेळघाट-ताडोबाकडं वनखात्याची माणसं वन्यजीव कायद्याच्या कलम 50 खाली येतात, त्यांनाही वॉरंट लागत नाही.

आणि केस उडण्याबद्दल. झडतीत चूक झाली म्हणून सापडलेला माल पुराव्यातून आपोआप बाद होतो, हा नियम अमेरिकेतला आहे, 1961 च्या मॅप खटल्यानं तो तिथल्या राज्यांनाही लागू केला. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं पूरणमल खटल्यात पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलंय की पुरावा संबंधित असेल तर तेवढ्यावरून तो फेकता येत नाही. चुकीच्या झडतीनं पंचनाम्याचा विश्वास कमी होतो, तोही तुम्ही ती चूक दाखवून दिलीत तर.

मोबाईलच्या लोकेशनचा घोळ याच जातीचा. टॉवरचं लोकेशन काढायला कोर्टाचं वॉरंट लागतं, हा 2018 चा अमेरिकी निकाल, कार्पेंटर खटल्यातला. गाडीला जीपीएस लावण्याचा जोन्स खटला 2012 चा, तोही तिथलाच. इथं पोलीस कॉल रेकॉर्ड आणि टॉवरची माहिती कंपनीकडून लेखी मागणीनं घेतात, मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटाशिवाय. फोन ऐकायचा असेल तर गोष्ट वेगळी, त्याला साधारणपणे गृह सचिवाचा आदेश लागतो. पण तोही न्यायाधीशाचा नव्हे. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तरी लोकेशनसाठी वॉरंटाची अट अजून कायद्यात आलेली नाही. ती यायला हवी असं माझं ठाम मत आहे. घरझडतीत निदान दार असतं, पंच असतो, यादी असते. लोकेशन काढलं गेल्याचं तुम्हाला कळतसुद्धा नाही.

एका ठिकाणी मात्र कोर्टानं रेघ ओढली आहे. 8 जुलै 2024 ला फ्रँक व्हायटस खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की आरोपीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येत नाही. त्या माणसाला गूगल मॅपवर पिन टाकून आपली जागा तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या जामिनाच्या आदेशात अशी ओळ असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता हा निकाल वकिलाच्या हातात द्या आणि अट वगळण्याचा अर्ज टाकायला सांगा.