उदास माणसाला वरातीची गाणी पाठवू नयेत

गेल्या पावसाळ्यात मामेबहिणीचा मेसेज आला, "दादा, फार उदास वाटतंय. काहीतरी ऐकायला पाठव ना." मी उत्साहाच्या भरात वरातीत वाजतात तसली पाच-सहा गाणी धाडून दिली. पंधरा मिनिटांत उत्तर, "बंद केली. आता उदास तर आहेच, वर चिडचिडही होतेय."

चूक माझीच होती, आणि नवी नव्हती. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४८ मध्येच सांगून ठेवलंय, की रुग्णाच्या मनाची जी अवस्था असेल तिच्याशी जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करावी आणि मग हळूहळू, पायरी-पायरीनं हव्या त्या अवस्थेकडे न्यावं. संगीतोपचारात याला 'आयसो तत्त्व' म्हणतात. आयसो म्हणजे समान. रडणाऱ्या पोराला आपण आधी कडेवर घेतो, खुळखुळा नंतर दाखवतो, तसंच हे.

पण उदास माणसाला उदास गाणं ऐकवलं तर तो आणखी खचणार नाही का? जर्मनीत लिला तारुफ्फी आणि श्टेफान कोएल्श यांनी ७७२ जणांना विचारलं, की दुःखी संगीत ऐकताना नेमकं काय वाटतं. २०१४ मध्ये छापून आलेल्या या पाहणीत सर्वाधिक जणांनी सांगितलेली भावना दुःख नव्हती. इंग्रजीत तिला 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. मला विचाराल तर 'हुरहुर' हा आपला शब्द तिच्या फार जवळ जातो. गाण्यातल्या दुःखाची आपल्याला काही किंमत मोजावी लागत नाही. कुणी गेलेलं नसतं, काही हरवलेलं नसतं, आणि तरी सोबत मिळते.

आता मेंदूत काय होतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट झटोरे आणि व्हॅलोरी सलीमपूर यांच्या गटानं, गाणं ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशी माणसं निवडली आणि त्यांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं रसायन, कधी नि कुठे स्रवतं ते मोजलं. २०११ मध्ये आलेले निष्कर्ष असे : काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या खोल भागातल्या एका केंद्रात डोपामिन वाढतं, पण त्याच्या काही सेकंद आधी, गाण्यातली ती जागा आता येणार या नुसत्या चाहुलीनं, शेजारच्या दुसऱ्याच केंद्रात ते वाढलेलं असतं. मैफलीत बसणाऱ्याला हे सांगायला नको. तबलजी तिहाई घेऊन, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवत, समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाला की आपली मान आधीच उचललेली असते. सम येते तेव्हा 'वाहवा' बाहेर पडते एवढंच. निम्मा आनंद तोवर घेऊन झालेला असतो.

या प्रयोगांतली एक युक्ती मला फार आवडते. गाणी ज्यानं त्यानं स्वतः निवडायची. आणि तुलनेसाठी 'ज्यानं काहीच होत नाही' असं संगीत हवं होतं, तिथे चक्क दुसऱ्या कुणाचं तरी लाडकं गाणं वापरलं! मित्रमंडळींना हिरिरीनं गाणी सुचवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे जरा मनावर घ्यायला हवं.

मग फोनमधलं ॲप आपला मूड कसा ओळखतं? खरं तर ते आपला मूड ओळखत नाही, गाण्याचा मोजतं. २०१४ मध्ये स्पॉटिफायनं 'एको नेस्ट' नावाची कंपनी विकत घेतली. तिच्या पद्धतीत प्रत्येक गाण्याला ० ते १ च्या दरम्यान गुण मिळतात : एक गुण ते किती प्रसन्न वाटतं याचा, दुसरा त्यात जोर किती आहे याचा. दोन्ही जास्त असले की नाचाचं, दोन्ही कमी असले की विरहाचं. मात्र तेच 'प्रसन्न' गाणं कॉलेजच्या गॅदरिंगला कुणाशेजारी बसून ऐकलं होतं, हे त्या आकड्यांत कुठे नसतं.

वेळेचा मात्र हिशेब लागतो. ५१ देशांतल्या दहा लाख लोकांनी एकूण ७६ कोटी ५० लाख वेळा ऐकलेल्या गाण्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. दिवसा माणसं जोरकस संगीत ऐकतात, रात्र चढेल तसं निवांत. सकाळी भैरव, संध्याकाळी यमन, मध्यरात्री मालकंस ही आपली रागांची व्यवस्था यानं सिद्ध झाली, असं म्हणायचा मोह होईल, पण तसं म्हणू नये. वेळेनुसार संगीत बदलावंसं वाटतं इतकंच यातून दिसतं. अमुक वेळेला अमुक स्वर, हा संस्कार आपला. रागातला भाव परक्यालाही थोडाफार कळतो, हे खरं. बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी १९९९ मध्ये पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले, तेव्हा त्यांना आनंद, दुःख आणि संताप ओळखता आले. शांत रस तेवढा निसटला.

मामेबहिणीला दुसऱ्या खेपेला मी असं पाठवलं : आधी मारव्याचा संथ आलाप, मग एक जुनं भावगीत, मग मध्य लयीतला यमन, शेवटी टाळ-पखवाजावर चढत जाणारा अभंग. सोबत एक सूचना, की दोन गाण्यांच्या मध्ये थोडं थांब. इटलीत लुचियानो बेर्नार्दी यांच्या २००६ च्या प्रयोगात जलद लयीनं श्वास आणि नाडीचे ठोके वाढले होते, पण मधल्या दोन मिनिटांच्या शांततेत ते सुरुवातीपेक्षाही खाली आले. ॲपला ही शांतता सोसत नाही, ते लगेच पुढचं गाणं लावतं. बहीण अभंगापर्यंत पोचलीच नाही, भावगीतच चारदा ऐकलं म्हणाली. म्हटलं, चालेल.

माझा एक मित्र मात्र कुठल्याही गाण्यावर "हं, बरंय" एवढंच म्हणतो. मी त्याला वर्षानुवर्षं अरसिक समजत होतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशाच लोकांवर प्रयोग केले. त्यांना सूर कळतात, गाण्यातला भावही कळतो, पैसे जिंकले की आनंदही होतो. फक्त संगीतानं होत नाही. त्यांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि आनंदाचं केंद्र यांच्यातला संवादच कमी असतो, असं पुढे दिसून आलं. हल्ली त्याचा मूड गेला की मी गाणं पाठवत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर नेऊन चहा पाजतो. पैसेही मीच देतो.