अकूस्टिक न्यूरोमा

अकूस्टिक न्यूरोमा ही आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेवर वाढणारी गाठ आहे. ती कर्करोगाची नसते आणि शरीरात इतरत्र पसरत नाही. बहुतेक वेळा तिची सुरुवात या नसेच्या तोल सांभाळणाऱ्या भागातील, नसेभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशींपासून होते, म्हणून डॉक्टर तिला वेस्टिब्युलर श्वानोमा असेही म्हणतात. कानाच्या आतल्या हाडातील अरुंद नळीत गाठ वाढू लागली की शेजारची ऐकण्याची नस दबते. वाढ सावकाश होते, साधारण वर्षाला १ ते २ मिलिमीटर. कित्येक गाठी वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात. निदान बहुधा ४० ते ६० या वयात होते. आजार विरळ आहे, तरी विदर्भाच्या खेड्यांत त्याची माहिती हवी, कारण त्याचे पहिले लक्षण इथे सहज दुसऱ्याच कशावर तरी ढकलले जाते.

ते लक्षण म्हणजे एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येणे. “कान गच्च झाल्यावानी वाटते,” असे माणूस सांगतो. लहानपणी कान फुटलेला असतो, सोयाबीन-तुरीच्या हंगामात थ्रेशरजवळ तासन्‌तास काम झालेले असते. कारण लगेच सापडते. मग कानात कोमट तेल पडते किंवा बाजारात मळ काढून घेतला जातो. दुसरा कान शाबूत असल्याने घरातले बोलणे अडत नाही. उणीव उघड होते ती मोबाइलवर. त्या कानात आवाज येतो पण शब्द उमगत नाहीत, आणि फोन आपसूक दुसऱ्या कानाला लागतो. आवाज ऐकण्यापेक्षा शब्द कळणे जास्त बिघडावे, ही या गाठीची महत्त्वाची खूण आहे. मागून येणारी मोटारसायकल कोणत्या बाजूला आहे हेही कळेनासे होते. त्याच कानात सूं असा आवाज सुरू असतो आणि रात्री जागलीवर, सगळे शांत झाले की तो जास्त जाणवतो.

सगळे घर फिरल्यासारखी जोराची चक्कर या गाठीत कमी आढळते. तोल जातो तो थोडाथोडा. डोळे आणि दुसरा कान ती उणीव भरून काढत असल्याने दिवसा चालणे ठीक वाटते. अंधारात धुऱ्यावरून वावरात जाताना मात्र पाय भलतीकडे पडतो. बीपी किंवा अशक्तपणा म्हणून हे सोडून दिले जाते.

काही रुग्णांचा कान एका रात्रीत बंद होतो. तेव्हा आठवडी बाजाराची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे, कारण स्टेरॉइड लवकर सुरू झाले तरच उपयोगाची आशा जास्त. औषधाने ऐकू येऊ लागले म्हणजे गाठ नाही, असे मात्र ठरत नाही. मोठ्या गाठीमुळे चेहऱ्याची एक बाजू बधिर होते, डोके दुखते, चाल झोकांड्या खाते आणि मेंदूत पाणी साचून जिवावर बेतू शकते. तोंड वाकडे होणे हे तर बरेच उशिराचे लक्षण आहे.

लवकर निदानाची पहिली पायरी फार साधी आहे. ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर एकाच सुरात वाजणारा धातूचा दुशाखी काटा, वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात आणि आवाज कोणत्या कानात मोठा येतो ते विचारतात. मळ साचला असेल किंवा पडदा फाटला असेल तर आवाज कमी ऐकू येणाऱ्या कानात मोठा येतो. नसेचे बहिरेपण असेल तर चांगल्या कानात. मिनिटभराचेही काम नाही. मळ काढूनही एका कानाने ऐकू येत नसेल, तर ही तपासणी केल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवूच नये. पुढे ऑडिओमेट्रीत, म्हणजे यंत्राने ऐकणे मोजण्याच्या चाचणीत, दोन्ही कानांत स्पष्ट फरक दिसला की एमआरआय हवा. आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणाऱ्या बेरा चाचणीतून लहान गाठी निसटतात, साध्या सीटी स्कॅनमधूनही निसटतात. एमआरआयमध्ये काही मिलिमीटरची गाठही दिसते.

अडचण तिथेच येते. गडचिरोली किंवा मेळघाटातल्या माणसाला एमआरआयसाठी अनेकदा नागपूर, सेवाग्राम किंवा अमरावती गाठावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण जाणार, म्हणून ऑडिओमेट्रीचा कागद पिशवीतच राहतो. खर्च आड येत असेल तर डॉक्टरांना विचारावे: प्राथमिक शोधासाठी शिरेतून औषध न देता केलेला बारीक कापांचा एमआरआयही बहुधा पुरतो. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास आधी सांगावे.

गाठ सापडली म्हणजे लगेच ऑपरेशन, असे नाही. लहान गाठीवर नुसते लक्ष ठेवतात, वाढणाऱ्या लहान-मध्यम गाठीला नेमक्या जागी किरणोपचार देतात, मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढतात. गाठ लहान असतानाच ऐकणे आणि चेहऱ्याची नस वाचण्याची शक्यता जास्त. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी निघाल्या तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस २ या आनुवंशिक विकाराचा विचार करून आई-वडील, भावंडे व मुलांचीही तपासणी सुचवली जाते. लक्ष ठेवायचे ठरल्यास पहिला एमआरआय साधारण सहा महिन्यांनी, नंतर बहुधा दरवर्षी होतो. दरवेळी जुनी फिल्म आणि सीडी सोबत न्यावी, कारण वाढ मिलिमीटरमध्ये मोजायची असते आणि ती मागच्या चित्राशी ताडूनच कळते.