मूठ इथली, पातं परमुलखातलं

खंडेनवमीला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही एखादी कट्यार पाटावर येते. हळदकुंकू, झेंडूचं फूल. ‘ही महादजींच्या वेळची,’ असं घरचे सांगतात. असेलही. कट्यारींचा नाद असलेला माणूस मात्र मान डोलावतो आणि वाकून आधी मुठीखालची रिबिटं बघतो.

कट्यारीची मूठ आडवी. दोन समांतर पट्ट्या, मधे धरायला दांडे. मूठ आवळली की पातं थेट हाताच्या रेषेत येतं आणि वार ठोशासारखा बसतो, त्यात खांद्याचा सगळा जोर. टोक बऱ्याचदा मुद्दाम जाड ठेवत, साखळी-चिलखताच्या कड्या फोडायला. बिचव्याचं नागमोडी पातं वेगळ्याच कामाचं. त्याचं मूळ म्हशीच्या शिंगात सांगतात.

आता ती रिबिटं. सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनेत युरोपी पात्यांना मोठी मागणी होती. तशा पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. तलवार मोडली तरी पातं फेकत नसत. धड तुकडा कापून कट्यारीच्या मुठीत रिबिटांनी बसवत. अशा पात्यावर लांबट, अरुंद पन्हळी दिसतात. म्हणजे ‘आमच्या घराण्याची’ कट्यार निम्मी परदेशी! मला तर त्यामुळे ती जास्तच आवडते.

लष्कर हे नावच छावणीचं. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्याचंच शहर झालं. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार, दोन्हीकडे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. हाती लागलेल्या तोफांच्या धातूची इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी ताऱ्याच्या आकाराची पदकं पाडली. फौजेला कात्री लागली.

त्या शतकात शोभेचा मालही खूप निघाला. मुठीचे दांडे दाबले की कात्रीसारखी उघडणारी, आतून तिसरं पातं दाखवणारी कट्यार त्यातलीच. गंमत म्हणून ठीक, लढाईत कुचकामी.

१९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. घरातल्या घरात होणारी नासाडी कायदा कुठून थांबवणार? दसरा आला की कोणीतरी उत्साहानं चिंच-राख घेऊन बसतं. कोफ्तगरीची, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या नक्षीची, सोन्याची तार निघते, जौहराची, म्हणजे पोलादाच्या अंगच्या नक्षीची, लहर पुसट होते आणि कट्यार नव्या पातेल्यासारखी चकाकते.