नदी-पुनरुज्जीवन व मत्स्यव्यवस्थापन (कोकण)

ओढे, नद्या व पाणथळ जागा पूर्ववत करताना तिथे कोणते मासे वाढावेत, त्यांनी कुठे अंडी घालावीत आणि किती पकडले जावेत हे आधी ठरवून कामाची आखणी करण्याची पद्धत. कोकणात हे हिशेब बहुधा दोन वेगळ्या वह्यांत मांडले जातात: नदीचा गाळाच्या घनमीटरांत, मासळीचा सोडलेल्या बोटुकलीच्या (बोटभर वाढलेल्या पिल्लांच्या) संख्येत.

वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री, काजळी, गड या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पावसाळ्यात दुथडी, शिमग्यानंतर बहुतेक ठिकाणी नुसते डोह. (कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, मिळणारी वाशिष्ठी हा अपवाद.) डोहांत तगलेले मासेच पहिल्या पुराबरोबर ओहोळांतून भातखाचरांकडे चढतात व तिथे अंडी घालतात. हे ‘चढणीचे मासे’, रायगड-ठाण्याकडे ‘वलगणीचे’. गाबोळीच्या चवीपायी नेमके याच दिवसांत ते पकडले जातात. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना बंदी असते. ओढ्यावर मात्र तेव्हाच पाग (फेकजाळे) आणि बत्त्या घेऊन गर्दी उसळते.

अहीर मासा (सापासारखा लांब, इंग्रजीत ईल) उलट्या वाटेचा: वाढतो नदीत, अंडी घालायला जातो समुद्रात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्लेही खाडीच्या मचूळ पाण्यातच जगतात. त्यामुळे एखादा पक्का सिमेंट बंधारा दोघांचीही वाट अडवतो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाआधी निघाल्या तर वाट मोकळी राहते, उशीर झाला तर चढण हुकते. दगडमातीचा कच्चा बंधारा पुरात वाहून जातो. माशांच्या दृष्टीने तोच बरा.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर वाशिष्ठी व शिव नद्यांतला गाळ काढण्यात आला. हेतू पुराचा होता, आणि तो रास्तच. पण अशा कामात डोह भरून तळ सपाट केला, काठची झाडे तोडली, की पाणी लवकर निघून जाते आणि उन्हाळ्यात माशांना थारा उरत नाही. रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडून ही भरपाई होत नाही. ते मासे मूळचे गंगेकडचे, धरण-तलावांत पोसले जाणारे.

महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे म्हणून खडस (महसीर) कोणी मारत नाही. राखीव डोह म्हणतात तो हाच, फक्त फलक न लावलेला. इतरत्र सुरुंग व विष घालून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. तरी उन्हाळ्यात डोह आटले की ठेचलेला रामेठा (माशांना विषारी असलेले झुडूप) पाण्यात पडतोच.